साडेतीन तासांचं ऑपरेशन

अठ्ठावीस वर्षं आर्डिस होवलंडने डॉक्टर एमेट वेंट्झ यांचा चेहरा अर्धाच पाहिला होता म्हटलं तरी चालेल. टोपी आणि मास्क यांच्या मधली चार बोटांची पट्टी, एवढाच. जाड भुवया, फिकट निळे डोळे, डाव्या कानशिलावर लहानपणी घोड्याने लाथ मारल्याची खूण. बाकीचा चेहरा रविवारी त्यांच्या बायकोने, लव्हॉनने, घरी जेवायला बोलावलं की दिसायचा, पण तिच्या ओळखीची होती ती ही पट्टीच. पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसून, एक हात त्याच्या हनुवटीखाली आणि दुसरा नाडीवर ठेवून ती मधूनच वर बघायची. पोटात काय सापडलंय, किती वेळ लागणार, काळजीचं आहे की नाही, ते डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधी तिला कळलेलं असायचं.

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरमध्ये, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हर्नियाचं ऑपरेशन चालू असताना, तिने अशीच मान वर केली आणि तिची नजर तिथेच थांबली. डॉक्टरांची कानशिलं आत गेली होती. डोळ्यांभोवतीची कातडी मेणासारखी दिसत होती. ऑपरेशन संपेपर्यंत ती काही बोलली नाही. पेशंट जागा झाला, त्याला खोलीत पोचवलं, आणि मग ती हात धुवायच्या जागी डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, खालची पापणी ओढा."

"कशाला?"

"ओढा म्हणते ना."

त्यांनी ओढली. आतली बाजू लाल असायला हवी होती, ती कागदासारखी पांढरी होती.

"जेवण कधीपासून जात नाही?" तिने विचारलं.

"लव्हॉनने चुगली केली वाटतं."

"लव्हॉनला काही माहीत असतं तर तिने तुम्हाला कान धरून बिस्मार्कच्या मोठ्या इस्पितळात नेलं असतं."

"होवलंडबाई, तुमचं काम भूल द्यायचं. निदान करायचं काम माझं."

"तुम्ही केलं नाहीत, म्हणून मला करावं लागतंय."

डॉक्टर हसले, पण सिंकची कड धरून. त्यांना काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं, हे तिला त्या हसण्यावरून समजलं.

केल्ब्रूक हे उत्तर डाकोटातलं, गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांमधलं गाव. चोवीस खाटांचं इस्पितळ, एक सर्जन आणि भूल देणारी एक नर्स. आर्डिस एकोणसाठ साली इथे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आधी नर्स झाली, मग सेंट पॉलमध्ये नन्सच्या शाळेत दीड वर्ष भूल द्यायचं शिकली. तोंडावर जाळी धरायची, तिच्यावर थेंब थेंब ईथर टाकायचं आणि माणसाचा श्वास कानाने मोजायचा, असे ते दिवस होते. पुढे यंत्रं आली, औषधं बदलली, तिचा कान तसाच राहिला. कापणीच्या दिवसांत कुणाचा हात यंत्रात सापडायचा, बर्फात रस्ते बंद असताना कुणाचं मूल आडवं यायचं, आणि दोन तासांच्या वाटेवर भूल देणारं दुसरं कुणी नसायचं. गावातल्या निम्म्या लोकांना तिचा चेहरा धड आठवत नसे, पण दुकानात ती "एक पाव द्या" म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघत. तो आवाज त्यांनी झोपेत जाताना ऐकलेला असे.

सुरुवातीला डॉक्टरांचं आणि तिचं पटत नव्हतं. ते तापट होते, हत्यार आपटायचे. पहिल्याच वर्षी एका बाईचं रक्त भराभर जात होतं, नाडी हाताखालून निसटत चालली होती. "डॉक्टर, हात काढा," आर्डिस म्हणाली. त्यांनी लक्ष दिलं नाही. ती पुन्हा म्हणाली. "मला शिकवू नकोस," असं ते ओरडले. तिसऱ्यांदा ती इतक्या शांतपणे म्हणाली की त्यांनी हात वर काढले आणि तिने त्या बाईला परत आणेपर्यंत दहा मिनिटं तसेच उभे राहिले. नंतर व्हरांड्यात ते तिच्यासमोर आले. "पुढच्या वेळी एकदाच सांग. मी ऐकेन." आणि खरंच त्यांनी ऐकलं, अठ्ठावीस वर्षं. राजधानीत जेव्हा नर्सने भूल द्यावी की नाही यावर सुनावणी झाली, तेव्हा बर्फातून शंभर मैल गाडी हाकत ते गेले. माझी बायको, माझी मुलगी आणि माझे शेजारी मी या बाईच्या हवाली केले आहेत, एवढंच बोलून परत आले. हे तिला त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानावर आलं.

बिस्मार्कला पोटात नळी घालून बघितलं. जठराचा कॅन्सर निघाला. फोटोत तो जठरापुरताच दिसत होता. काढून टाकता येईल, साडेतीन तासांचं ऑपरेशन आहे, असं डॉक्टर प्रुइट म्हणाले. प्रुइट छत्तीस वर्षांचे होते, महिन्यातून दोनदा केल्ब्रूकला येऊन वेंट्झना मदत करत.

"बिस्मार्कलाच करू या," प्रुइट म्हणाले. "तिथे भूल द्यायला डॉक्टर आहेत."

"इथेच करायचं," वेंट्झ म्हणाले. "आणि माझ्या उशाशी आर्डिस बसेल."

"सर, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण..."

"पण बिण ठेव खिशात. तुझ्या हाताची मला थोडी काळजी आहे. तिच्या हाताची नाही."

आर्डिसला मात्र हे नको होतं. तिने त्यांना त्यांच्या खोलीत एकटं गाठलं.

"मला जमणार नाही, डॉक्टर. माझा हात थरथरला तर?"

"थरथरू दे. नंतर थरथरू दे. ऑपरेशन चालू असताना तुझा हात थरथरलेला मी बघितलेला नाही." मग ते खुर्चीत मागे टेकले. "आणि एक काम करायचंस. मला जाग आली आणि मी काही विचारलं, तर खरं सांगायचं. लव्हॉनच्या तोंडून निघणार नाही. प्रुइट चार दिवस घोळ घालेल. तू सांगायचंस."

"सांगेन," ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांना थिएटरमध्ये आणलं. ज्या टेबलाशी ते पस्तीस वर्षं उभे राहिले होते त्यावर ते आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "हे रंगवून घ्यायला हवं. लोकांना इतकी वर्षं हे बघायला लावलं आपण."

आर्डिसने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. "मी इथेच आहे, डॉक्टर. कुठे जात नाही," ती म्हणाली. हे ती प्रत्येकालाच म्हणायची. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तिने शिरेतून औषध सोडलं.

प्रुइटनी पोट उघडलं. आर्डिस नाडी मोजत होती. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की हत्यारांचा आवाज थांबलाय. तिने वर पाहिलं. प्रुइटचा हात आत होता आणि नजर समोरच्या भिंतीवर. त्यांनी एकदा हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"सगळीकडे आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "यकृतावर, आतड्यांवर. वाळू पसरावी तसं. फोटोत यातलं काहीच नव्हतं."



"बंद करतो," प्रुइट म्हणाले.

शेवटचा टाका पडला तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. तिने सगळी तयारी साडेतीन तासांची केली होती. आता वायू बंद करायचा आणि त्यांना वर आणायचं. हजारो वेळा केलेलं काम. ती बटणावर बोटं ठेवून बसून राहिली. आजवर पेशंट उठायला जरा उशीर झाला की तिचा जीव वरखाली व्हायचा. आज पहिल्यांदा तिला वाटलं की या माणसाने उठू नये, असंच पडून राहावं, त्याचे श्वास मी मोजत राहीन.

"आर्डिस?" प्रुइटनी हाक मारली.

तिने बटण फिरवलं.

डॉक्टरांना शेजारच्या खोलीत हलवलं. प्रुइट बाहेर जाऊन लव्हॉनला सांगून आले. मग लव्हॉन स्वतःच दारात आली. कोटाची बटणं अजून लावलेलीच होती. तिने आर्डिसचं मनगट घट्ट धरलं.

"त्याला सांगू नकोस."

"लव्हॉन..."

"ख्रिसमसपर्यंत तरी नको. एकदा कळल्यावर तो जेवणार नाही, बोलणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडेल. मी त्याच्या वडिलांना तसं गेलेलं बघितलंय. सांग, ऑपरेशन झालं म्हणून. तुझ्यावर विश्वास ठेवेल तो. तुझं ऐकतो तो."

"मी आपणहून काही बोलणार नाही," आर्डिस म्हणाली. लव्हॉनला तेवढं पुरलं. ती तोंड धुवायला गेली.

डॉक्टरांच्या पापण्या हलल्या. ओठ कोरडे होते, आर्डिसने ओला कापूस फिरवला. त्यांनी तिला शोधलं, ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "किती वाजले?"

घड्याळ त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं. तिने काहीही सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. दुपार झाली म्हणाली असती, तर ते निवांत झोपले असते.

"नऊला दहा कमी," ती म्हणाली.

ते छताकडे बघत राहिले. त्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही. अशी पोटं त्यांनीही उघडून पुन्हा शिवली होती.

"लव्हॉन?"

"तिला माहीत आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

त्यांनी डोळे मिटले. ते झोपले असं तिला वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मग मला माहीत नाही."

"डॉक्टर, असं नका करू."

"तिला तेवढाच आधार वाटतोय तर वाटू दे. प्रुइटला मी बघतो. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे," आर्डिस म्हणाली.

पण त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. लव्हॉन आत आली, त्यांच्या केसांवरून हात फिरवत हसली. "सगळं छान झालं बरं का," ती म्हणाली. आणि त्यांनी लहान मुलासारखी मान हलवून म्हटलं, "हो का. चला, सुटलो."

पुढचे सात आठवडे आर्डिस रोज त्यांच्या घरी जात होती. काम संपवून दुपारी जायची, रविवारी सकाळपासून. लव्हॉन कणकेचे छोटे गोळे घातलेलं क्नेफ्ला सूप करायची, डॉक्टर चार चमचे घ्यायचे आणि "उद्या आणखी घेईन" म्हणायचे. उन्हाळ्यात मुलीकडे स्पोकेनला गाडीने जायचं, वाटेत डोंगरात दोन दिवस राहायचं, असे बेत दोघं करत. नकाशा काढून बोटांनी रस्ता शोधत. मग लव्हॉन भांडी घेऊन आत जाई आणि नळ मोठा सोडून रडे. आर्डिस शेजारी उभी राहून बशा पुसत असे.

डिसेंबरमधल्या एका दुपारी, हात पाण्यात असतानाच, लव्हॉन म्हणाली, "आम्हाला आधी एक मुलगी झाली होती. त्रेपन्न साली. तुला ठाऊक नाही."

आर्डिसला ठाऊक नव्हतं.

"एल्सी. अकरा दिवस जगली. त्याने स्वतः पेटी नेली चर्चमागच्या दफनभूमीत, आणि त्यानंतर आजपर्यंत तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. त्याला ती आठवते का, एवढंच मला विचारायचंय. पण आता कसं विचारू? आता विचारलं तर त्याला कळेल ना, की मी आत्ताच का विचारतेय."

"विचार," आर्डिस म्हणाली. "लव्हॉन, विचार त्याला."

"वेडी आहेस का," लव्हॉन म्हणाली आणि नळ आणखी मोठा केला.

त्याच आठवड्यात, लव्हॉन दुकानात गेलेली असताना, डॉक्टरांनी आर्डिसला जवळ बोलावलं. ते आता फार हळू बोलत. फ्यूजच्या पेटीत कुठला फ्यूज कशाचा याच्या चिठ्ठ्या लावल्यात, घर तापवायची भट्टी कशी पेटवायची ते लिहून ठेवलंय, असं सांगितलं. मग म्हणाले, "चर्चमागे एक जागा आहे. आमची एक पोर आहे तिथे. तिच्या शेजारची जागा मी फोन करून ठेवून घेतली आहे. रोज दाढी करताना आठवते ती मला. चौतीस वर्षं."

"हे लव्हॉनला सांगा."

"तिच्यासमोर नाव काढवत नाही. तिला सोसणार नाही."

"तिला सोसेल, डॉक्टर. तिला ऐकायचंय." याच्यापलीकडे तिला जाता येईना. लव्हॉनने जे सांगितलं ते विश्वासाने सांगितलं होतं.

"तू मला शब्द दिलायस," ते म्हणाले.

तिने प्रत्यक्षात तसा शब्द दिला नव्हता. पण आयुष्यभर ती पेशंटचं गुपित पेशंटपाशीच ठेवत आली होती. झोपेत जाताना माणसं काय काय बोलतात, ते तिने कधी खोलीबाहेर नेलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मधल्या बोळात ती कितीदा थबकली असेल. दोन्हीकडे एकच गोष्ट होती. दहा पावलं टाकायची होती. ती टाकली नाहीत.

डॉक्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले, दुपारी, बर्फ भुरभुरत असताना. दुखण्याचं इंजेक्शन आर्डिसच देत होती. शेवटचे श्वास तिने मोजले, नंतरचा आला नाही तरी थोडा वेळ मोजत राहिली. लव्हॉन खुर्चीत बसून त्यांचा हात चोळत म्हणाली, "त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझे उपकार आहेत, आर्डिस." आर्डिस सिरिंज पुसत उभी होती. तिने मान वर केली नाही.

तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, लव्हॉन आर्डिसच्या घरी आली. बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात आली. चर्चच्या माणसाने तिला विचारलं होतं, डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये सांगून ठेवलेलीच जागा ना?

"त्याला माहीत होतं," लव्हॉन म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. त्यांनी वेळ विचारली. मी सांगितली."

"आणि मुलीबद्दल? तिच्या शेजारी जागा घेतली, ती?"

आर्डिसने सगळं सांगितलं. दाढी करताना आठवते, ते. चौतीस वर्षं, ते. सांगताना तिला लव्हॉनकडे बघवेना.

लव्हॉन बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सात आठवडे," ती म्हणाली. "माझ्याजवळ सात आठवडे होते. मी डोंगरातल्या हॉटेलांची नावं वाचत बसले. तोही मला ऐकवत बसला. आणि तू आत-बाहेर करत होतीस, दोघांचं ऐकत होतीस. तुला सांगितलं ते त्याने मलाही सांगितलं असतं ग. तू एक शब्द बोलली असतीस तर."

"तुम्ही दोघांनीही मला..."

"मला माहीत आहे आम्ही काय म्हणालो. आम्ही घाबरलो होतो. तू तर रोज घाबरलेली माणसं बघतेस. आम्हाला दोघांना झोपवून ठेवलंस तू, आर्डिस. आणि उशाशी बसून राहिलीस."

ती निघून गेली. फरशीवर बर्फाच्या पाण्याची पावलं उमटली होती. आर्डिसने ती पुसली नाहीत. ती आपोआप वाळली.

अंत्यविधीला सारं गाव आलं. आर्डिस शेवटच्या बाकावर बसली. लव्हॉनने तिच्याकडे पाहिलं नाही. वसंतात तिने घर विकलं आणि ती मुलीकडे स्पोकेनला गेली. निरोप द्यायला आर्डिस गेली, तेव्हा दार मुलीने उघडलं आणि आई झोपलीय म्हणाली. आत रेडिओ चालू होता.

केल्ब्रूकला दुसरा सर्जन मिळाला नाही. प्रुइट उन्हाळ्यापर्यंत येत राहिले, मग त्यांनी यायचं थांबवलं. थिएटरला कुलूप लागलं. सर्जन नाही तिथे भूल देणारीचं काय काम? आर्डिस साठ मैलांवरच्या इस्पितळात जाऊ लागली, आठवड्यातून चार दिवस, पहाटेच्या अंधारात निघून. तिथे दोन तरुण नर्सना तिने हाताखाली घेऊन शिकवलं. यंत्राकडे बघायच्या आधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघा, एवढं एकच ती पुन्हा पुन्हा सांगे. निवृत्त झाली तेव्हा राज्याच्या संघटनेने तिचा सत्कार केला. छत्तीस वर्षं, एकही तक्रार नाही, असं कुणीतरी व्यासपीठावरून म्हणालं आणि टाळ्या पडल्या. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने आभार मानले आणि ती खाली बसली.

त्यानंतरच्या वर्षी, मार्चमध्ये, एका दुपारी फोन वाजला.

"लव्हॉन बोलतेय."

आर्डिस भिंतीला टेकली. "बोल."

"चर्चचं पत्र आलंय. थंडीने जमीन फुगून कबरींवरचे काही दगड कलंडलेत म्हणतात. आमचे बघशील का? तुला वेळ असला तर."

"उद्या सकाळीच जाते."

"बर्फ आहे का अजून?"

"आहे. कुंपणाशी गुडघाभर."

"इथे नाही. इथे पाऊसच असतो." फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. आर्डिसने तो सवयीने मोजला. "बरं," लव्हॉन म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आर्डिस फावडं घेऊन गेली. बर्फ बाजूला करायला तासभर लागला, आता तिला पूर्वीसारखं वाकवत नव्हतं. डॉक्टरांचा दगड सरळ होता. शेजारचा छोटा दगडही सरळ होता. तिने तो हाताने पुसला, नाव आणि दोन तारखा दिसेपर्यंत. त्या संध्याकाळी तिने स्पोकेनला पत्र लिहिलं. दोन्ही दगड नीट आहेत, बर्फ काढलाय, एल्सीचं नाव स्वच्छ वाचता येतं. खाली बरंच काही लिहिलं आणि मग तो अर्धा कागद फाडून टाकला.

उत्तर आलं नाही.